आधी मशीन सुरू होऊ दे

"उद्या मला ऑपरेशनला आत नेतील ना, तेव्हा तू दारापाशी हवीस हं." आईचं काल रात्रीचं हे बोलणं सकाळपासून तिच्या कानात घुमत होतं. येते म्हणून तिने शब्द दिला होता, आणि नेमकी आजच कॉम्प्युटरने मान टाकली. दिराने हौसेने मेमरी वाढवली, जुनी पट्टी दुकानात देऊन नवी आणली, तर पडदा काळाठिक्कर आणि पेटी नुसती पीं-पीं करतेय.

"भावजी, पट्टी नीट बसली नसेल."

"वहिनी, तुम्ही टायपिंग बघा. हे आमचं खातं."

"आधी मशीन सुरू होऊ दे, मग खुशाल जा," नवऱ्याने बजावलं. "छापखान्याचं काम खोळंबलंय."

दोघांनी वायरी उपटल्या, पुन्हा खोचल्या, एकमेकांवर खेकसले आणि शेवटी दमून चहाला उठले. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पट्टी काढली, खाचेत सरळ धरली आणि दोन्ही टोकं टक् वाजेपर्यंत दाबली. पडदा लख्ख उजळला.

"वा! आता बस, सगळं टाइप करूनच ऊठ," नवरा कप घेऊन आला. "आईपाशी तुझा भाऊ आहे की."

"मशीन सुरू झालं की जा म्हणालात ना?"

"म्हणालो असेन. आता कसली जातेस?"

"बरं," ती हळूच म्हणाली.



तिने मशीन बंद केलं, पट्टी उपसून रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि दवाखान्याच्या वाटेला लागली.