मळईची भिंत

दगडांचा ट्रक नदीकाठच्या मळईच्या तोंडाशी येऊन थांबला, तरी सगुणाबाई जागची उठली नाही. पूर ओसरला होता. गोदावरीने, गावाच्या गंगेने, जमिनीवर वीतभर गाळ ठेवला होता. ती त्यातली वाळलेली ढेकळं हाताने फोडत बसली होती, पीठ चाळल्यासारखी.

"आई, सरक की," देवराम म्हणाला. अंबडच्या कारखान्यातून तो रजा काढून आला होता. "भिंत झाली की पाणी आत यायचं नाय."

"मग गाळ कुठून यायचा?"

"खताच्या गोण्या आणीन."

"गोणीतलं नको मला."

ट्रकवाला हसला. "मामी, गंगेशी सोयरीक जोडली का काय?"

कोणीच हसलं नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी तिचा नवरा पुंजाराम काठावरचं पाण्याचं इंजिन सोडवायला पुरात उतरला होता. इंजिन खालच्या बाभळींत अडकलेलं सापडलं. पुंजाराम सापडला नाही.

थोरली लेक द्वारका बांधावर उभी होती. ती नाशिकच्या शाळेत शिकवत असे. नदीकडे पाहणं तिला अजून जमत नव्हतं. तरी ती म्हणाली, "देवा, आईचं खरं आहे. पुराबरोबर डोंगराची माती येते, तिच्यावरच ही जमीन पिकते. या पसरलेल्या पाण्यात मासे अंडी घालतात. पूर अडवलास तर जमीन उपाशी राहील आणि नदीही."

"पुस्तकं राहू दे, ताई. ज्या पाण्यानं बाप नेला, त्याला दरसाल घरात घ्यायचं?"

द्वारका बांधावरून खाली उतरली. आईची बोटं सोलवटली होती. तीन वर्षं तिने या तुकड्यात ना औत घालू दिलं, ना फावडं. म्हातारी हट्टी झाली, असं गाव म्हणे.

"ऊठ, मी फोडते." द्वारकाने बांधावरची कुदळ घेतली, उगारली.

सगुणाबाईने झटकन दांडा धरला.

"कुदळ नको."

"अगं, किती कडक झालंय हे!"

"नको म्हणते ना." तिचा आवाज अगदी खाली आला. "लागंल त्यांना."

ट्रकचं इंजिन घरघरत होतं. देवराम कंपनीचे बूट घालून गाळात उभा होता. त्याने पायाखाली पाहिलं. वाकून दोन्ही बूट काढले, हातात घेतले.

"दगड माघारी ने," तो ट्रकवाल्याला म्हणाला.