अर्ध्याच्या पुढे

आजी सहा महिने थोरल्या लेकाकडे राहायच्या, सहा महिने धाकट्याकडे. दोघांच्या विमानतळांमध्ये अंतर नऊ हजार किलोमीटर. यंदा थोरला विमानतळावर सोडून गेला, तसं आजींनी विमान मुद्दाम चुकवलं. विमान अर्ध्या वाटेवर पोचल्यावर आजी विमानतळावरच्या व्हीलचेअरवाल्याला म्हणाल्या, “पोरांना फोन लाव. सांग, म्हातारी विमानातच गचकली. बघू कोण मोठं भोकाड पसरतो.” त्याने साहेबी आवाजात दोघांना स्पीकरवर बातमी दिली. आजींनी हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. थोरल्याने विचारलं, “विमान अर्ध्याच्या पुढे होतं का?” “का, साहेब?” “साडेचार हजार ओलांडले असतील तर अंत्यविधी धाकट्याने उरकायचा.” “ओलांडले नसणार,” धाकटा उसळला. “समोरून वारा असतो.” व्हीलचेअरवाला गडबडला. “मस्करी केली, साहेब. आई ठणठणीत आहेत. विमानात चढल्याच नाहीत.” धाकट्याने सुस्कारा सोडला. “चढलीच नाही? मग, दादा, तुझीच.”