निरोगी गटातले भावोजी

भावोजींनी बाही आधीच कोपराच्या वर सरकवून ठेवली होती.

"या, शास्त्रज्ञबाई," पलंगावर उठून बसत ते म्हणाले. "पिशवीत वर संत्री दिसताहेत, पण खाली सुई आहे, हे मला ठाऊक आहे."

मेव्हणी ओशाळली. खाली सुई होतीच. शिवाय रिकाम्या नळ्या होत्या, आणि दुसऱ्या हातात बर्फाचा छोटा डबा. हृदयाच्या धमन्या अरुंद होऊ लागल्या की दुखणं जाणवण्याच्याही आधी रक्तात कोणते रेणू वाढतात, हे तिची प्रयोगशाळा शोधत होती. त्यासाठी रोग्यांचं रक्त लागायचं आणि तुलनेला निरोग्यांचंही. रोग्यांचा या रुग्णालयात तोटा नव्हता. निरोगी माणूस मात्र सुई म्हटलं की पळतो, म्हणून गेल्या वर्षी तिने घरच्यांनाच धरलं होतं. भावोजी सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

"तेव्हा निरोग्यांत होतो, आता रोग्यांत," भावोजी म्हणाले. "एवढी बढती आमच्या धंद्यात कुणाला मिळत नाही."

त्यांचा धंदा घरं रंगवण्याचा. शिडीच्या पार वरच्या पायरीवर उभं राहून शीळ घालत रंगवायचं, ही त्यांची रीत. इथेही पडल्या पडल्या त्यांनी छत तपासून घेतलं होतं. एकच हात मारून पैसे दोन हातांचे घेतलेत लेकाच्यांनी, असं त्यांचं मत पडलं होतं.

ताई खिडकीपाशी जेवणाचा डबा उघडत होती. तिला हसू आलं नाही.

"तू जेवून जा गं. तुझ्यापुरतं जास्तीचं आणलंय," ती बहिणीला म्हणाली आणि दोन ताटल्या मांडल्या. धाकटीला न जेवता पाठवणं तिला आजवर जमलं नव्हतं. "आणि यांना जरा तूच बोल. त्या दिवशी सकाळपासून छातीत कळा येत होत्या. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे. तर म्हणे, पित्त आहे. तुझ्या बहिणीने माझं रक्त तपासलंय, एकदम छान आहे म्हणाली. संध्याकाळपर्यंत नुसते कूस बदलत राहिले. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर हृदयाचा एवढा भाग मेला नसता. आता शिडी बंद. कायमची."

"शिडी बंद म्हणजे काय, खालच्या खाली रंगवीन," भावोजी म्हणाले. "दारं आहेत, कठडे आहेत." हे मात्र ते भिंतीकडे बघून बोलले.

मेव्हणीने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा," ती म्हणाली. शीर चटकन वर आली. सुई हातात धरून ती तशीच उभी राहिली.

एकदम छान, असं ती खरंच म्हणाली होती. ज्या दिवशी भावोजींचं रक्त घेतलं, त्या दिवशी ती नळी टेबलावर ठेवून जेवायला गेली होती. नळी लगेच बर्फात जायला हवी, नाहीतर पेशी फुटतात आणि त्या रेणूंचा आकडा उगाच फुगतो. याच चुकीसाठी ती नवशिक्यांना खाऊ की गिळू करायची. पुढे आकडे हाती आले तेव्हा आलेखावर सगळे निरोगी खाली एकमेकांजवळ उभे, आणि भावोजी एकटेच वर, शिडीवर चढल्यासारखे. नमुना उष्णतेने बिघडला, असं ठरवून तिने तो बाद केला. रक्त पुन्हा मागायला हवं होतं, पण मग का ते सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भावोजींनी एकदा जिन्यात अडवून, "काय गं, पास का?" म्हणून विचारलं, तेव्हा ते दोन शब्द बोलून ती मोकळी झाली.

तिने पट्टा सोडला.

"भावोजी, तुमचा आकडा छान नव्हता. फार वर होता. मला वाटलं, माझ्या हातून बिघडला. मी नळी टेबलावर विसरून जेवायला गेले होते. म्हणून तो काढूनच टाकला."

भावोजींची मूठ अजून आवळलेलीच होती. "मग तो खरा होता?"

"माहीत नाही. तेव्हा पुन्हा रक्त घेतलं असतं तर कळलं असतं."

"मग घ्यायचं होतंस," ताई म्हणाली. "नुसता एक फोन केला असतास तरी हे धावत आले असते."

"लाज वाटली, ताई."

"कसली?"

मेव्हणीने सुटलेला पट्टा गुंडाळला. एक नळी विसरले, एवढंच तर सांगायचं होतं. तेव्हा त्याची लाज वाटली होती. आता वाटत होती ती लाज निराळी होती. भावोजींच्या उघड्या दंडाकडे बघवत नव्हतं.

 भावोजींनी हात पुढे केला.

"बांध तो पट्टा."

पहिल्यांदा तिची सुई चुकली. एरवी यावर त्यांनी चार विनोद केले असते. दुसऱ्यांदा शीर मिळाली, नळी भरली. तिने ती बर्फात उभी केली आणि झाकण लावलं.

ताईने मांडलेल्या दोन ताटल्यांपैकी एक उचलून पुन्हा आपल्या पिशवीत ठेवली. मग बर्फाचा डबा उचलून बहिणीच्या हातात दिला.

"नीघ," ती म्हणाली. "या वेळी जेवायला थांबू नकोस."