सकाळची सावली

फोटो कुठे काढलाय हे सावल्यांवरून शोधून काढण्यात जळगावच्या प्रेमराजचा हातखंडा होता. म्हणून तर धुळ्याकडचे निंबाआबा त्याच्याकडे आले. पळून जाऊन लग्न केलेल्या लेकीचा, कामिनीचा, एकच फोटो त्यांना इंटरनेटवर सापडला होता. कुठल्याशा गच्चीवर ती हात उंचावून दोरीवर ओढणी वाळत घालत होती.

"पोर सुखी शे का, एवढंच देखनं शे," आबा म्हणाले.

बापच तो, असं म्हणून प्रेमराजनं मागची पाण्याची टाकी आणि सकाळची लांब सावली नकाशाशी जुळवली, आणि चाळीसगावातलं ते घर शोधून दिलं.

त्याच आठवड्यात कामिनी त्या गच्चीवरून पडून वारली. पडली, असंच सगळे म्हणाले.

प्रेमराजनं ते काम कायमचं सोडलं.

आज भर दुपारी बायकोनं, सारिकानं, मेहरूण तलावावरून लेकीचा, पुनमचा, फोटो पाठवला. सवयीनं त्याची नजर आधी सावल्यांवर गेली. सगळ्यांच्या सावल्या पायांशी गोळा झाल्या होत्या. पुनमशेजारी मात्र एक लांब सावली पडली होती, हात उंचावलेली. तिथे उभं कुणीच नव्हतं.

त्यानं घाईघाईनं फोन लावला. "पुनम कुठंय?"

"ही काय, समोरच," सारिका हसली. "एकटीच बडबडतेय. कुणाला तरी आपल्या घराचा पत्ता सांगतेय."