हवा गेली तर

"बाबा, उतारावर ब्रेकची हवाच गेली तर?"

घरी आलेल्या दोघी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं विचारलं खरं, पण विचारताक्षणीच तिला कळलं, हा प्रश्न या घरात आजवर कुणी तोंडातून काढलेला नाही. डब्याच्या पिशवीला गाठ मारणारा आईचा हात तिथंच थांबला. बाबा पहाटे खाणीतून माल भरून, हवेच्या दाबावर ब्रेक चालणारा ट्रक घेऊन डोंगर उतरणार होते.

"आणि काका," मैत्रिणींतल्या उंच लांबोडीला राहवेना, "आमच्या स्कूटरलासुद्धा डिस्क ब्रेक आले. तुमचा ट्रक नवाकोरा आणि ब्रेक आजोबांच्या काळातले, ड्रमचे?"

"डिस्क उघडी असते गं. माझ्या वाटेला नुसता चिखल आणि खडी. ड्रम म्हणजे बंद डबा. स्वस्त, दणकट, आणि रुंद पट्ट्यांनी चाकाला आतून धरतो." बाबा उठले. "आणि हवेचं म्हणाल तर चला बाहेर."

बाकीच्या चाकांना ओंडके लावून त्यांनी मागचं चाक जॅकवर उचललं. गियर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. "हं, फिरवा!"

तिघींनी जोर लावला. छातीएवढं चाक आधी कुरकुरलं, मग गरगरू लागलं. बाबांनी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांच्या तोट्या उघडल्या. फुस्सऽऽ! धूळ उडाली. दुसरी मैत्रीण, चष्मिस, किंचाळली, "गेली हवा! आता कसलं थांबतंय!"

फुसफुस विरत गेली. खट्. चाक जागच्या जागी गप्प.

लेकीनं ढकललं. तिघींनी ढकललं. शेवटी ती टायरला चक्क लोंबकळली. चाक ढिम्म.

"कुणी दाबला ब्रेक?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही. मागच्या चाकाच्या ब्रेकला एक भांडं असतं, त्यात जाडजूड स्प्रिंग असते. ती ब्रेक लावायला टपलेलीच असते. हवा तिला मागे रेटून धरते, म्हणून चाक फिरतं. हवा गेली की ती सुटलीच."

ती टायरवरून उतरून वाकून चाकाच्या आत बघू लागली. एवढं धूड रस्त्यानं धावतं, आणि आत सारखं कुणीतरी थांबवायला तयार!

आई कधी बाहेर आली, कळलंच नाही. बाबांचा फोन येईपर्यंत जिला घास उतरत नाही, त्या आईनं टायरला हात लावला. हळूच ढकललं. मग खांदा लावून ढकललं. मग हात तसाच ठेवून उभी राहिली.

"बाबा, उद्या मी येणार. पुढं बसून अख्खा उतार बघणार," तिनं जाहीर केलं. "आणि आईपण."

"डबा एकाचाच भरलाय," आई म्हणाली.

"मग सोड ती गाठ. तिघांचा भर!"