पांढऱ्या आमरीचे पतंग

देवराईत सोडलेले यांत्रिक पतंग संध्याकाळी लगेचच पेटीत परतले, तेव्हा शेवंती गावडे चक्रावली. खरे पतंग दिसेनासे झाल्यापासून आमरीच्या फुलांचं परागण ही यंत्रंच करत होती आणि ती सांभाळणं हे तिचं काम होतं. झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ही पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, साऱ्या सह्याद्रीत आता एवढ्याच राईत उरली होती.

“बिघडले काय गो?” नवऱ्याने विचारलं.

“नाय. परागण झालेल्या फुलाक ते शिवणतच नाय.”

ती शिडी लावून जांभळावर चढली. आमरीच्या प्रत्येक फुलात पराग आधीच चिकटला होता आणि पाकळ्यांवर करड्या पंखांची भुकटी होती. उजेडाने पतंग भरकटू नयेत म्हणून गावाने कित्येक वर्षं राईभोवती दिवे लावले नव्हते. खरे पतंग परत आले होते. शेवंतीचे डोळे भरून आले.

तिने वनखात्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “खात्रीसाठी उद्या पुन्हा यंत्रं सोडा.”

“नाही सोडणार. खरे बुजतील.”

“मग तुमच्या नोकरीचं काय?”

“ती यासाठीच तर होती, साहेब,” शेवंती म्हणाली आणि तिने पेटीचं बटण बंद केलं.