दुसरं वजन

"ताई, मागच्या शिबिरात माझं वजन घ्यायचं राहिलं," म्हणत ती काट्यापुढे आली. मला आठवलं. तिचं लेकरू काट्यावर पाय टेकवेना, म्हणून आधी तिला लेकरासकट उभं करून आकडा कार्डावर लिहिला होता. मग तिचं एकटीचं वजन घेऊन वजाबाकी करायची. तेवढ्यात बालआरोग्य सोहळ्याचे पाहुणे आले. "पुढच्या वेळी बघू गं," म्हणत लेकराला फुगा देऊन मी स्वागताला धावले. आज तिच्या कडेवर कुणी नव्हतं. "कुठे ठेवलंस त्याला?" "गेला तो. ताप आला, अंगात ताकदच नव्हती. घ्या वजन." ती काट्यावर चढली. कार्डावरच्या जुन्या आकड्यातून मी वजाबाकी केली. एवढ्या हलक्या लेकराला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात पाठवतो. "किती भरला होता माझा?" मी कार्ड मिटलं. बाहेर टाळ्या वाजल्या. ती उतरली. "जा ताई, पाहुणे आले वाटतं. पुढच्या वेळी सांगा."